न्हाणीघराबाहेरचं हळदीकुंकू

हळदीकुंकवाला बोलावलेली एकही बाई आली नाही तर काय करायचं असतं, हे मला कोणी शिकवलं नव्हतं. आमच्या मौद्याकडच्या गावात बोलावणं पोचायच्या आधीच बाया दारात हजर व्हायच्या.

ऐंशीच्या आसपासची गोष्ट. मी शहराच्या टोकाला, जरीपटक्याच्या पलीकडे एका वस्तीत राहत होते. नवरा कामठीला कापडाच्या मागावर कामाला होता. तिथेच खोली करून राहायचा आणि रविवारी घरी यायचा. मूलबाळ नव्हतं. तरी एकटं वाटायला फुरसत नसे, कारण दारात सतत कोणीतरी असायचं. कोणी साखर मागायला येई, कोणी नुसतीच बसायला. पहाटे डबे घेऊन रेल्वेच्या रुळाकडे जायचो तेही सगळ्या मिळून. हसू नका, आमच्या अर्ध्या गप्पा तिथेच व्हायच्या. पण उजाडायच्या आत परतावं लागे, आणि नंतर पोट बिघडलं तर अंधार पडेपर्यंत देवाचं नाव घेत बसावं लागे. पावसाळ्यात घरोघर हगवण ठरलेली.

मग एक संस्था आली. ती वस्तीला संडास आणि न्हाणीघरं बांधून देणार होती, बोअरचं पाणी देणार होती. वापरणाऱ्यांनी थोडेथोडे पैसे द्यायचे आणि त्यावरच ते चालवायचं. संस्थेच्या ताईंची अट एकच होती. चालवणारी बाई वस्तीतली हवी आणि साफसफाईही तिनेच करायची. "आपली घाण दुसऱ्या कुणाच्या डोक्यावर द्यायची नाही," असं त्या सभेत म्हणाल्या. बायांनी टाळ्या वाजवल्या. हात मात्र कोणी वर केला नाही. मी केला. मला त्यांचं म्हणणं पटलं होतं, आणि खरं सांगायचं तर टाळ्याही आवडल्या होत्या.

काम मी चोख केलं. खराटा, फिनेल, बादल्या, पंप, सगळं हाताखाली आलं. त्या पावसाळ्यात वस्तीतली हगवण बरीच कमी झाली. माझ्या दारात बसणंही कमी झालं. आधी शेजारणीने चहा नको म्हटलं. पोटात गॅस झाला म्हणे. तो गॅस काही महिनोन्‌महिने उतरला नाही. साखर मागणाऱ्या दुसरीकडे मागू लागल्या. गरज सरो, वैद्य मरो म्हणतात. इथे गरज रोज सकाळी बादली घेऊन रांगेत उभी असायची, तरी वैद्य मेलेलाच! रांगेत सगळ्या माझ्याशी बोलत. "पाणी कमी येऊन राहिलं वं," "त्या दाराची कडी लागत नाई." तक्रारींना विटाळ नसतो.

मी घरी गेल्यावर डोक्यावरून आंघोळ करायची आणि मगच चुलीशी जायची. ते बघायला कोणी नव्हतं. नवरा एका रविवारी म्हणाला, "सोडून दे ना ते काम."

"काहून सोडू? मंग बायाईनं पुन्हा रुळावर जावं काय?"

सोमवारी पहाटे तो गेला की पुढच्या रविवारपर्यंत माझ्या घरातल्या पाण्याला माझ्याशिवाय कोणाचं तोंड लागत नसे.

संक्रांतीनंतर मी हळदीकुंकू करायचं ठरवलं. सणाला तरी येतील असं वाटलं. घरोघर जाऊन सांगितलं. सगळ्या "येतो वं" म्हणाल्या. मी जमीन सारवली, तिळाचे लाडू वळले, वाणाला कंगवे आणले, शेजारच्या वस्तीतून सतरंजी मागून आणली. उन्हं उतरली, दिवा लावला. दोन घरं सोडून कुणाकडे तरी बाया जमल्या होत्या, त्यांचं हसणं माझ्या सतरंजीपर्यंत ऐकू येत होतं. मी दारात उभी राहिले, आत बसले, परत उभी राहिले. कोणी आलं नाही. मी तेव्हा खूप रडले, आणि रडून झाल्यावर मला भयंकर राग आला.

त्या रागातच सुचलं. न्हालेल्या सवाष्णीने समोर आलेल्या कुंकवाला नाही म्हणायचं नसतं. आणि वस्तीतल्या सगळ्या सवाष्णी तर माझ्याच न्हाणीघरात न्हात होत्या! दुसऱ्या दिवशी सकाळी सगळी सफाई उरकून, स्वतः न्हाऊन, धुतलेलं लुगडं नेसून मी करंडा आणि लाडवांचं ताट घेऊन न्हाणीघराबाहेर उभी राहिले.

पहिली शेजारीणच निघाली, ओले केस पंच्यात बांधून. माझ्याकडे बघून दचकली. "इथं काहून वं?"

"तुले घरी याले जमलं नाई ना. आंघोळ झाली न तुही? मंग वाक."

तिने इकडेतिकडे पाहिलं आणि वाकली. मी हळद लावली, कुंकू लावलं, हातात लाडू आणि कंगवा दिला. मग एकेक निघत गेली, वाकत गेली. जिंकल्यासारखं वाटलं मला. पण रीत अशी की आपण कुंकू लावलं की समोरचीनेही करंड्यात बोट बुडवून आपल्याला लावायचं. ते एकीनेही केलं नाही. कोणी म्हणाली, हात ओले हायेत. कोणी पदर सावरत निघून गेली. लाडू सगळ्यांनी पदराला बांधले, तिथे कोणी खाल्ला नाही.

शेवटी एक नवी सून बाहेर आली. दिवाळीनंतर लग्न होऊन आलेली. एरवी सासूच्या मागे मान खाली घालून यायची, त्या दिवशी पहिल्यांदाच एकटी होती. मी कुंकू लावताच तिने करंड्यात बोट बुडवलं आणि माझ्या कपाळाला लावलं. लाडू तिथेच खाल्ला.

"तुमी मौद्याकडच्या काय?" तिने तोंडात लाडू असतानाच विचारलं. "माही माय असाच लाडू करते. मले इथं कोणीच नाई बोलाले. दुपारी सासू निजते, येऊ काय तुमच्या घरी?"

माझं घर तिथून दिसत होतं. दार उघडंच होतं. ताटात लाडू उरले होते. हो म्हणायला मी किती महिने थांबले होते! पण ती आली असती, तर माझ्याकडे पाणी प्याली असती. संध्याकाळपर्यंत ते वस्तीभर झालं असतं, आणि मग सासूने तिला स्वतःच्या घरच्या माठाला हात लावू दिला नसता. ते कसं असतं, हे मला माहीत होतं.

"दुपारी मी घरी नसतो माय," मी म्हटलं.

ती बरं म्हणाली, बादली उचलून गेली.

त्या दुपारी मी घरीच होते. दार आतून लावून घेतलं होतं.