बेस हवालदारांची चोरी

एका माणसाला मी चोर ठरवलं. तो चोर नाही, हे मला पक्कं माहीत होतं. पुष्कळ वर्षं मी स्वतःला सांगत आलो की ती नुसती गंमत होती. गंमत नव्हती. हे आधीच लिहून टाकतो, नाहीतर पुढे गेल्यावर मी पुन्हा पळवाट शोधीन.

पाडवा झाला की आमच्या गावचे हवालदार आबा घरातलं मुसळ खांद्यावर टाकून निघत. मागून काकू ओरडत, "आवं, मिरच्या कशानं कांडू? कपाळानं?" आबा थांबत नसत. ऊस तुटून मोकळ्या झालेल्या रानात भुसा भरलेली चार पोती मांडून आणि त्या मुसळाची बॅट करून आमचा बेसबॉल सुरू होई, तो मृग निघेपर्यंत चाले. लष्करात असताना आबा शांतिसेनेतून एक वर्ष परदेशात, वाळवंटात होते. तिथे कॅनडाच्या शिपायांनी त्यांना हा खेळ शिकवला. आमच्याकडे 'बेस' म्हणजे छान, झकास. त्यामुळे खेळाच्या नावाचा अर्थ कुणी विचारला नाही आणि आबांचं नाव बेस हवालदार पडलं.

"किरकेट हुबं ऱ्हाणाऱ्याचा खेळ," ते म्हणत. "ह्यो पळणाऱ्याचा. मारलास की पळ. मागं बगितलास की मेलास." चुकणाऱ्याला ते सोडत नसत. लंगडणाऱ्या म्हाद्याला एकदा त्यांनी सगळ्या रानाला तीन फेऱ्या मारायला लावल्या होत्या. तो रडला तेव्हा म्हणाले, "रड, पण पळत रड."

चेंडू टाकणाऱ्याचं लक्ष दुसरीकडे असताना हळूच पुढचं पोतं गाठायचं, याला आबा 'चोरी' म्हणत. शेवटच्या पोत्याला 'घर'. ते असं गाठणारा फार मोठा. "म्या चारदा घर चोरलंय," आबा छाती ठोकून सांगत. "त्या गोऱ्या कप्तानाच्या नाकासमोरनं!"

दुपारी ऊन चढलं की सगळे चिंचेखाली बसत आणि आबा सिनेमा सांगत. छावणीत दोन ट्रकांच्या मधे चादर बांधून दाखवलेला तो बेसबॉलचा सिनेमा. दर उन्हाळ्याला एकदा तो ऐकायचाच. संघातून हाकललेला एक म्हातारा खेळाडू, त्याला मिळालेली शेवटची संधी. आबांना इंग्रजीतलं अक्षर कळलं नव्हतं, म्हणून सगळी बोलणी त्यांनीच रचलेली. खेळाडूची गोरी आई म्हणे, "लेकरा, भाकरी खाऊन जा." एरवी तो म्हातारा जिंके. दुष्काळाच्या वर्षी आबांनी त्याला हरवला. आम्ही कुरकुरलो, तर म्हणाले, "दरसाल कसा जिंकंल? पाऊस तरी दरसाल पडतो व्हय?"

दुष्काळानंतरच्या उन्हाळ्यात मी सांगलीच्या कॉलेजातून सुट्टीला आलो. पायात बेलबॉटम, डोक्यात हवा. आबांची मुलगी सुमन पाण्याची कळशी घेऊन चिंचेपाशी आली होती. नेमका तेव्हाच मी दुसऱ्या पोत्यापाशी धडपडलो. आबा ओरडले, "सांगलीला जाऊन पळायचं इसरलास व्हय रं? का त्या पाटलुनीत वारं भरलं?" सगळे हसले. सुमनही हसली.

चार दिवसांनी एस. टी. थांब्यावरच्या हॉटेलात मी चहा पीत होतो. शिरवळकडचे दोन पाहुणे उतरले. डोक्याला नवे फेटे, हातात पिशवी. सुमनला बघायला कुणी येणार आहे, हे आईकडून मी ऐकलं होतं. म्हणजे हे कोण ते मी ओळखलं होतं.

"हवालदारांचं घर कुठं आलं, पाव्हणं?" त्यातल्या थोरल्याने मला विचारलं.

"कुठलं हवालदार? चोरीवालं?" मी म्हणालो.

"चोरी? कसली चोरी वं?"

"आवं, त्यास्नीच इचारा. पलटणीत चारदा घर चोरलं म्हणून सोताच सांगत्यात."

हॉटेलवाला खो खो हसला. त्याला खेळ ठाऊक होता. पाहुण्यांना नव्हता. मी कपातला चहा संपवला आणि त्यांना घर दाखवलं.

पुढचं दुसऱ्या दिवशी आबांनीच मला सांगितलं, रिकाम्या रानात पोत्यावर बसून. पोहे झाले, मुलगी पसंत पडली. मग थोरल्या पाहुण्याने विचारलं, "पलटणीत चोरी केली म्हणत्यात, खरं का?" आबांना वाटलं, पाहुणा खेळाचा शौकीन निघाला. "व्हय तर! चारदा! पयल्यांदा लय भ्यालो, मग हात बसला!" पाहुण्यांनी बशा खाली ठेवल्या आणि उठले. आबा खुलासा करत वेशीपर्यंत मागे गेले. चोर आणखी काय सांगणार, असं म्हणून त्यांनी एस. टी. धरली.

"माझ्याच तोंडानं घात केला रं पोरीचा," आबा म्हणाले. लष्करातला तो माणूस माझ्यासमोर रडत होता.

मी काय म्हणालो? "चुकतं माणसाचं, आबा." असं म्हणून मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला.

त्यानंतर रानात पोती मांडली गेली नाहीत. सिनेमाही नाही. त्यांनीच शिकवलेली पोरं ते दिसले की 'चोर आला, घरं झाका' म्हणत. सुमनचं दोन वर्षं कुठे जमेना. शेवटी जतकडच्या एका बिजवराला दिली. काकूंनी नवऱ्याशी बोलणं टाकलं, आणि तशाच अबोल्यात त्या गेल्या.

एकोणऐंशीच्या मे महिन्यात आबांना मिरजेच्या दवाखान्यात ठेवल्याचं कळलं. मी सांगलीत नोकरीला होतो. तीन दिवस दारापर्यंत जाऊन परत फिरलो. चौथ्या दिवशी खाटेशी बसलो आणि थांब्यावरचं सगळं सांगितलं. काहीही न गाळता.

आबा कोपरावर भार देऊन उठून बसले. मला वाटलं, मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं. मग त्यांनी विचारलं, "म्हंजे माझ्या तोंडाचा दोष न्हवता?"

"नव्हता, आबा."

"तुझी काकू गेली तवा बी माझं तोंड बगत न्हवती रं." त्यांनी मान वळवली. "सुमे! हिकडं ये."

सुमन बाहेरच्या नळावरून तांब्या घेऊन आत आली. पाच वर्षांत ती माझ्या आईच्या वयाची दिसायला लागली होती.

"पुन्यांदा सांग," आबा मला म्हणाले. "तिच्याम्होरं सांग. हुबा राहून."

मी उभा राहिलो.

"सुमन, ते पाहुणे मी परत पाठवले. आबांनी काही केलं नाही. पाहुणे कोण आहेत हे मला माहीत होतं, आणि तरी मी आबांना चोर म्हणालो. माझं चुकलं."