पलीकडे उघडलेला पत्रा

१९९५ साली मी एकसष्ट वर्षांचा होतो. शाळा चौथीत सुटली, पुढं सिकंदराबादला रेल्वेच्या कारखान्यात लोखंड उचलण्यात उमर गेली. तेव्हा हैदराबादला चिक्कडपल्लीतल्या माझ्या अंगणात मला कुणी शिकवलेलं खपत नसे.

शेजारचं बैठं घर पाडून तिथं फ्लॅटचं बांधकाम चाललं होतं. मे महिन्यातल्या वादळात त्यांच्या शेडचा पत्रा उडून आमच्या अंगणात पडला, वर आमच्याच कडुलिंबाच्या फांद्या. तीन दिवस सगळं भिजत पडलं. संध्याकाळी मी फांद्या ओढायला लागलो, तर तिथला वॉचमन भिंतीवरून म्हणाला, "काका, हात नक्को लगाओ. नीचे बिच्छू रैते. कल आदमी भेजतौं."

"तुझ्या आदमीची वाट बघायला मी म्हातारा झालो काय?"

"हो गए ना, काका," म्हणून तो हसला.

मग तर मी थांबणारच नव्हतो. लाईट नव्हती. बायको कंदील घेऊन आली.

"अहो, आधी काठीनं बडवा तरी."

"तू कंदील धर. तोंड चालवू नकोस."

"धरते. तुमचं चालू द्या."

फांद्या बाजूला केल्या. पत्रा उचलायची रीत मला ठाऊक होती. पलीकडची कड धरून वर आपल्याकडे ओढायची, म्हणजे पत्रा पलीकडे उघडतो, खालचं जनावर पलीकडे पळतं, आपल्या पायाशी येत नाही. मी तशीच ओढली. बायको कंदील धरून पलीकडे उभी होती, अनवाणी.

लाल विंचू, बोटाएवढासुद्धा नव्हता. तिच्या पायाच्या अंगठ्याला डसला. ती म्हणाली दवाखान्यात जाऊ. मी चुना लावला आणि म्हणालो, उतरेल. तासाभरात तिला दरदरून घाम फुटला, हात गार पडले, तेव्हा ऑटो आणला. डॉक्टर एवढंच म्हणाले, "उशीर केलात." त्याच रात्री ती गेली.

एसटीडी बूथवरून मुलाला कळवलं. तो बंगलोरला कॉम्प्युटरच्या कंपनीत नवीनच लागला होता. मिळेल त्या बसनं निघून दुसऱ्या दिवशी दुपारी पोचला. अंगणात चार माणसं बसली होती, त्यात वॉचमनही होता.

"बाबा, कसं झालं हो?"

"तुझी आई कधी कुणाचं ऐकायची?" मी सगळ्यांदेखत म्हणालो. "अनवाणी मध्ये आली."