वरच्या कोपऱ्यातलं बटण

हे मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, ज्याच्यासोबत रोज चहा पितो त्या मित्रालाही नाही. एकदा-दोनदा जिभेवर आलं होतं — पण सांगणार काय? एक बटण दाबलं, एवढंच? ऐकणारा हसेल, म्हणेल, जाऊ दे रे. आणि ते ऐकून मला बरं वाटेल. त्याचीच भीती वाटते. म्हणून तुम्हाला सांगतो.

मी सेलूत एका जिनिंगच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर होतो. कापसाच्या गाड्या यायच्या, काट्यावर वजन व्हायचं, आणि काट्यावरचा माणूस फोनवरून गाडीचा नंबर, गाव, वजन सांगायचा. ते एक्सेलमध्ये भरायचं. मी शिकलेला असा नव्हतो, बघून बघून आलेलं. पण बाकीच्यांना तेवढंही येत नव्हतं. प्रिंटर अडला की मला हाक, मालकांच्या मोबाइलला काही झालं की मला हाक. ते मला आवडायचं — हे आधीच सांगून ठेवतो.

मग सारिका आली. बोरीची पोरगी, सेलूत मामाकडं राहायची. तिला जन्मापासून दिसत नव्हतं. परभणीला कुठंतरी लॅपटॉपवर शिकून आली होती. पडद्यावरचं वाचून दाखवणारं एक सॉफ्टवेअर असतं, ते हेडफोनमधून तिच्या कानात बोलायचं. माउस तिच्या काय कामाचा? सगळं कीबोर्डवर. बाणाचं बटण दाबलं की ती पुढच्या रकान्यात जायची आणि तिथं काय लिहिलंय ते तिला ऐकू यायचं. आपण अंधारात आपल्याच घरात पाणी प्यायला उठतो ना, कुठं धडकत नाही — तशी ती त्या शीटमधून फिरायची. आल्याआल्याच तिनं माझ्या जुन्या नोंदींतली एक गाडी दोनदा चढलीय ते शोधून काढलं. हसत सांगितलं, मनात काही नव्हतं तिच्या. मीही हसलो.

त्यामुळं मी पुढं तसं वागलो, असं म्हणत नाही. मला खरंच ठाऊक नाही.

एका सकाळी तिनं हाक मारली, "दादा, जरा बघा की. बाण दाबायलेय, पण हे बोलंनाच गेलंय."

मी जाऊन बघितलं. बाण दाबला की रकान्याभोवतीची चौकट जागची हलत नव्हती, अख्खी शीटच सरकत होती. रकाना तोच, मग तिच्या कानात येणार काय? मी फाइल बंद केली, परत उघडली. दुसरी उघडली. कीबोर्डची वायर काढून लावली. तेच. टॅबनं पुढं जाता यायचं, एंटरनं खाली — तेवढ्यावर ती भिंत धरून चालल्यासारखी चालली होती. बाहेर गाड्यांची रांग वाढायला लागली. काट्यावरचा माणूस फोनवर ओरडायला लागला. मालक दारात येऊन उभे राहिले.

"काय झालं रे?"

मला माहीत नव्हतं. पण 'मला माहीत नाही' असं त्या ऑफिसात मी कधी म्हटलंच नव्हतं. मी म्हणालो, "हिचं बोलणारं सॉफ्टवेअर अन् एक्सेल, दोघांचं जमंना मालक."

इथपर्यंत तुम्हीही सोडून द्याल. घाईत माणूस काहीही बोलतो. नाही का?

संध्याकाळी ती गेल्यावर मी तिच्या खुर्चीत बसलो. कीबोर्डच्या वर, उजव्या कोपऱ्यात, एक बारीक हिरवा दिवा लागलेला होता. स्क्रोल लॉकचा. ते बटण मी आयुष्यात कधी वापरलं नव्हतं. सकाळी मीच फडक्यानं कीबोर्ड पुसला होता, तेव्हा दाबलं गेलं असणार. मी ते दाबलं, दिवा विझला. बाण दाबून पाहिला — चौकट निघाली की पुढं! एवढंच होतं सगळं. मला आनंदही झाला. उद्या आल्याआल्या तिला सांगू म्हणून मी घरी गेलो.

सकाळी सगळे कॉम्प्युटर मीच चालू करायचो. तिचं सॉफ्टवेअर ती आल्यावर स्वतः सुरू करायची. त्याच्या आधी, ऑफिसात कुणी नसताना — मी तिच्या टेबलाशी गेलो आणि ते बटण पुन्हा दाबलं. दिवा लागला. मी माझ्या जागेवर येऊन बसलो.

का? मालकांपुढं खोटा पडलो असतो म्हणून? मीच पुसताना केलं, हे कबूल करावं लागलं असतं म्हणून? की ती माझ्याहून भरभर काम करायची, म्हणून? इतक्या वर्षांत यातलं एक तरी कारण निवडून मोकळं व्हावं असं कितीदा वाटलं. एकही पुरत नाही.

आणि एकदाच नाही. रात्री कॉम्प्युटर बंद केला की तो दिवा आपोआप विझायचा, म्हणून त्यानंतर रोज सकाळी.

दिवसभर मी तिच्या शेजारी बसून दुरुस्तीचं नाटक करायचो. तिनं विचारलं, बंद करून चालू करू का? मी म्हणालो, सकाळीच करून बघितलं. तिनं विचारलं, तुमच्या कॉम्प्युटरवर बसून बघू का? मी म्हणालो, त्यात तुझं सॉफ्टवेअर बसत नाही. तिचा आवाज रोज बारीक होत गेला. "माझंच काही चुकायलंय का दादा?" असं ती विचारायची — तक्रार म्हणून नाही, शिकवणाऱ्याला विचारावं तसं.

एका दुपारी ती दोन्ही हातांनी कीबोर्ड चाचपायला लागली, एकेक बटण. कुणीच मदत करू शकत नाही म्हटल्यावर माणूस आणखी काय करणार? चाचपता चाचपता तिची बोटं वर उजवीकडं गेली. तिथं थांबली. ती ज्या लॅपटॉपवर शिकली, त्याला ती बटणं नव्हती.

"दादा, ही वरची बटणं कशाची हायत?"

मधलं बोट नेमकं त्या बटणावर होतं. नुसतं दाबलं असतं तर तिच्या कानात आलं असतं, स्क्रोल लॉक बंद. मी ते बोट बघत होतो.

"ती कामाची न्हाईत," मी म्हणालो. "हात लावू नको, बिघडंल."

तिनं लगेच हात काढून घेतला. चटका बसल्यासारखा.

पुढं मालकांनी तिला फोनवर बसवलं. फोन काय, कुणीही उचलू शकतं. हंगाम संपता संपता ते तिच्या मामाला म्हणाले, पोरगी लय गुणाची हाय, पण आमच्याकडं तिच्याजोगतं काम न्हाई. मालक वाईट नव्हते. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला, एवढंच.

त्यानंतर बऱ्याच वर्षांनी एका शनिवारी पोखर्णीला नरसिंहाच्या दर्शनाला गेलो होतो. नारळवाल्याशी बोलत होतो, तर मागून आवाज आला, "दादा? जिनिंगातले दादा ना?" सारिका. आईचा हात धरून उभी. नुसत्या आवाजावरून तिनं मला ओळखलं.

कॉम्प्युटरचं विचारलं तर म्हणाली, पुन्हा हात न्हाई लावला. मग म्हणाली, "नंतर कळलं का हो, काय झालतं ते?"

मला वाटलं होतं, असं कुणी समोरून विचारलं तर तरी सांगेन. गर्दी होती — पण एवढीही नव्हती.

"न्हाई," मी म्हणालो. "कुणालाच कळलं न्हाई."

"मला वाटायचं, माझ्या बोटांतच काही खोट हाय," ती म्हणाली. मग आईकडं वळली. "आई, हेच ते दादा. माझ्यासाठी रोज धडपडायचे."

आईनं मला हात जोडले. पिशवीतून प्रसादाचं खोबरं काढून माझ्या हातावर ठेवलं. मी ते कपाळाला लावलं, आणि त्यांच्यासमोरच उभा राहून खाल्लं.