धूळ बसवायला नेलेली गाडी

अग्निशमनची गाडी त्या दिवशी रिकामी होती, ती माझ्यामुळे.

बारा वर्षं हे कोणाला बोललो नाही. आज दुपारी वामनभाऊंना घाटावर पोचवून आलो, आता बोलतो.

वामनभाऊ आमच्या शहराच्या फायर स्टेशनचे इन्चार्ज. स्टेशन कसलं, टिनाचं शेड, एक गाडी, चार माणसं.
ऊर्जानगरहून मोठी गाडी यायची म्हणजे दोन तास. तोवर जे काय करायचं ते यांनीच.

तणसीचे, म्हणजे धानाच्या पेंढ्याचे ढीग, सिलिंडर, मोहफुलं वेचायला झाडाखाली पेटवलेला आणि हाताबाहेर गेलेला पाला. तीस वर्षं हेच.

ड्यूटीवर आले की आधी गाडीच्या टाकीवर तळहाताने थाप मारायचे. आवाज बद्द आला म्हणजे भरलेली. मग चहा.

मी तेव्हा नाटक मंडळाचा सेक्रेटरी. त्या रात्री झाडीपट्टीचं नाटक, बाया-पोरं मैदानात खाली बसणार, आणि धूळ इतकी की डोळे उघडवेनात.

स्टेशनवर गेलो. "भाऊ, मैदानात एक चक्कर पाणी मारून द्या ना."

"हे गाडी आग विझवाले हाय, धूळ बसवाले नाई."

"अर्ध्या घंट्याचं काम हाय, भाऊ."

"आग काय टाइम सांगून येते? नाई म्हणजे नाई."

चारचौघांत नाही म्हणाले, याचा मला राग आला. तिथूनच एका वजनदार माणसाला फोन लावला. पाच मिनिटांत स्टेशनचा फोन वाजला.
वामनभाऊ फक्त "जी, जी" म्हणाले. मग माझ्याकडे न बघता ड्रायव्हरला चाबी दिली.

खरं सांगतो, मी मिशीतल्या मिशीत हसलो.

टाकी मैदानात रिकामी झाली आणि कॉल आला.
गिरजाबाईच्या घरामागची तणीस पेटली होती.

गाडी पाणी भरायला पळाली. वामनभाऊ माझ्याच मोटारसायकलवर मागे बसले.

पोचलो तेव्हा आग छपराला लागली होती. लोक बादल्या फेकत होते. गिरजाबाई लकव्याने खाटेवरच असायची, ती आत होती.

वामनभाऊंनी ओलं पोतं अंगावर घेतलं आणि आत शिरले. मी बाहेर उभा राहिलो.

तिला उचलून आणलं त्यांनी. दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले होते.
गाडी आली तेव्हा विझवण्यासारखं फारसं काही उरलं नव्हतं.

गिरजाबाई संध्याकाळी दवाखान्यात वारली.

आमचं नाटक झालं. आधी गिरजाबाईसाठी दोन मिनिटं उभे राहिलो. हाऊसफुल होतं.

दोन दिवसांनी दवाखान्यात गेलो. "भाऊ, चौकशीत मी खरं सांगतो."

हातांना पट्ट्या होत्या. छताकडे बघत म्हणाले, "फोन तू केला. पण चाबी तं माह्याजवळ होती ना. मले नाई म्हणता येत होतं."

त्यांनी तसंच लिहून दिलं. "गाडी मी सोडली." ना त्या माणसाचं नाव, ना माझं.
मेमो मिळाला, प्रमोशन कायमचं थांबलं, आणि लोक त्यांना नावं ठेवत राहिले.

मला मात्र सुटल्यासारखं वाटलं होतं. त्याचीच आज सगळ्यात जास्त लाज वाटते.

आज स्टेशनच्या माणसांनी शेवटच्या सलामीसाठी गाडी दारात आणायची ठरवलं होतं. धुतली, हार आणले.

वामनभाऊंच्या बायकोने, कमलाबाईंनी, हात जोडले.

"नोका आणू, बावा. गाडी इथी आणान अन् तिकडं कुठी आग लागन, तं का करान? त्याईनं जिंदगीभर तेच भोगलं."

गाडी स्टेशनलाच राहिली. आम्हीच तिरडी स्टेशनसमोरून नेली. स्टेशनची माणसं गाडीपुढे सॅल्यूट करून उभी होती. ड्रायव्हर रडत होता, पण सीटजवळून हलला नाही.

घाटावर कोणीतरी म्हणालं, "माणूस चांगला होता. त्या दिवशी तेवढा चुकला."

मी तिथेही गप्प बसलो. म्हणून हे लिहितोय.

परत येताना स्टेशनवर थांबलो आणि टाकीवर थाप मारली.

भरलेली आहे, भाऊ.

चूक तुमची नव्हती. माझी होती. गिरजाबाईच्या पोरांनीही हे वाचावं. उद्या मी त्यांच्या दारी जाणार आहे.

वामनभाऊ, शेवटचा नमस्कार.