बक्षिसांच्या टेबलापाशी डेल्मर

माझा नवरा डेल्मर सोन्यासारखा माणूस आहे, हे आधीच सांगून टाकते. पुढे रागाच्या भरात राहून जाईल.

आमच्या नेब्रास्कातल्या या गावात तो शाळेच्या बसगाड्या दुरुस्त करतो. हात चांगला आहे. पण हॉटेलात गोडात चेरी-पाय मागवावा की अ‍ॅपल-पाय, हे ठरेपर्यंत त्याची कॉफी गार होते. लग्नाचं मीच विचारलं, नाहीतर आम्ही अजून नुसते फिरतच असतो.

नेमबाजीला बसला की मात्र हाच माणूस वेगळा. लांबच्या टेकडीवर टांगलेली लोखंडी पाटी, मधे वारा. डेल्मर गवताकडे एकदा बघतो आणि चाप ओढतो. कुणाला विचारत नाही. फक्त हातातली रायफल थोरल्या भावाची, व्हर्नची असते. दर स्पर्धेआधी त्याच्या दारात जायचं, "नळी पुसून आण हं, मागच्या वेळी बोल्टला धूळ होती," हे ऐकायचं आणि मान डोलवायची. केस पिकलेला माणूस! मला ते बघवत नसे.

स्वतःची घ्यायची तर त्याच्या मनात दोन होत्या. दोन्ही कारखान्यातूनच अचूक येतात, वर काही करावं लागत नाही. एक धातूच्या सांगाड्याची, जड, झटका कमी देणारी. दुसरी लाकडी दस्त्याची, हलकी, तिचा गोळी भरायचा बोल्ट लोण्यासारखा सरकतो. कित्येक हिवाळे याने त्या दोघींवर काढले. दुकानदार रसेल त्याला येताना बघून मागच्या खोलीत पळायचा.

आणि या सप्टेंबरात डेल्मर क्लबच्या स्पर्धेत पहिला आला. व्हर्न दुसरा.

आमच्याकडे बक्षिसं टेबलावर मांडतात. पहिल्याने आधी हवं ते उचलायचं, मग दुसऱ्याने, असं शेवटच्यापर्यंत. आणि त्या टेबलावर त्याच दोन रायफली शेजारी शेजारी! माझे डोळे भरून आले. म्हटलं, सुटलो.

डेल्मरने जड उचलली. ठेवली. लाकडी उचलली. बोल्ट मागेपुढे केला. ठेवली. पुन्हा जड.

"अरे, बायको निवडतोयस का?" मागून कुणीतरी ओरडलं.

"ती मी निवडू दिली नव्हती," मी म्हणाले. सगळे हसले. डेल्मरही हसला.

"डेल्मर, उचल ना एक! कुठलीही!" मी म्हणाले.

"तसं नाही गं. हलकी उभ्याने मारायला बरी, पण वारा असला की जड..."

क्लबची अध्यक्ष ग्लॅडिस कंटाळून म्हणाली, "बाबा रे, जेवणाची चिली आणि सिनॅमन रोल दोन्ही गार होतायत."

तेव्हा या शहाण्याने काय करावं? सगळ्यांना वाट करून दिली. म्हणाला, "तुम्ही घ्या पुढे. मी जरा विचार करतो."

व्हर्नने क्षणही न दवडता जड उचलली. तिसऱ्या नंबरच्या पोरीने लाकडी घेतली आणि आनंदाने किंचाळली. डेल्मर रांगेच्या शेवटी उभा. त्याच्या वाट्याला टोपी आली.

"लाकडीच बरी होती," तो माझ्या कानात म्हणाला. "तिने उचलली ना, तेव्हा कळलं मला."

एवढ्यात व्हर्न नवी रायफल खांद्याला लावून आला. "वसंतातल्या स्पर्धेला ही ने हवं तर. जुनी मी विकतोय. फक्त परत आणताना पुसून आण."

"थँक्यू, व्हर्न," डेल्मर म्हणाला. चक्क मनापासून!

इतक्या वर्षांत मला त्याचा एवढा संताप कधी आला नव्हता. "नको म्हणून सांग त्याला," मी म्हणाले. "आत्ता, माझ्यासमोर सांग. एकदा तरी नको म्हण, डेल्मर. उद्या सकाळी आपण रसेलकडे जाऊ."

व्हर्न हसत उभा होता. डेल्मरने त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. टोपी या हातातून त्या हातात घेतली.

"थांब गं जरा," तो म्हणाला. "विचार करून सांगतो."

मी गाडी काढली आणि एकटीच घरी आले.