चौथा बंब

मी भर बाजारातून धावले, पदर खांद्यावर आला होता आणि पायात काही नव्हतं, हे ठाण्यातल्या पुष्कळांनी पाहिलं आणि त्याहून पुष्कळांनी सांगितलं. सांगोत बापडे. का धावले ते मात्र कोणी सांगत नाही, म्हणून मी सांगते.

आमचे मामंजी, म्हणजे माझे सासरे, कोर्टात शिरस्तेदार होते. पेन्शनीत निघाले तरी घरात त्यांचा शब्द हुकमासारखाच चालायचा. आगगाडी ठाण्याला येऊन तेव्हा एक पिढी उलटली होती. खाडीच्या अंगाला एकदोन गिरण्या उभ्या राहिल्या होत्या, त्यांतली एक बुडाली. तिच्या सामानाचा लिलाव झाला तेव्हा मामंजी सकाळीच तिकडे गेले आणि दुपारी खटाऱ्यातून चार तांब्याचे बंब घरी आले. पाणी तापवायचे नव्हेत, आग विझवायचे. गुडघ्याच्या वर येतील एवढे, उभट, डोक्यावर पितळेचं फिरकीचं झाकण आणि झाकणाखाली एका बाजूला बोट जाईल एवढं तोंड. वर्षानुवर्षं गिरणीच्या भिंतीला उभे राहून हिरवे पडले होते.

माझ्या नणंदेचं लग्न ठरलं होतं. मामंजींचा बेत असा, की बंब तांबट आळीत द्यायचे आणि त्या तांब्याचं घंगाळ, हंडा, कळशी करून घ्यायची. आमच्याकडे तांबं कोणी टाकत नाही. भांडं फुटलं, ताम्हन चेपलं, तरी ते तांबटाकडे जातं आणि नवं होऊन घरी येतं. त्यात वावगं काही नव्हतं, आणि पहिल्या दिवशी मीही खूशच होते.

आता सासूबाईंची शिस्त ऐका. मोडीत द्यायचं भांडंसुद्धा घासून द्यायचं. घाणेरडं भांडं आळीत गेलं तर घरातल्या बायकांची लाज जाते म्हणे. म्हणून मी आणि नणंद चिंच आणि राख घेऊन मागच्या दारी धोंड्यापाशी बसलो. पहिला बंब तिनं घासून घासून लखलखीत केला, वर दोन तांबे पाणी ओतलं, आणि मग आमच्यातली कुठलीही मुलगी धुतलेल्या भांड्याचं जे करते तेच तिनं केलं. उचलला आणि निथळायला पालथा घातला.

आत काहीतरी खळकन वाजलं. मग घरघर सुरू झाली आणि त्या तोंडातून पाण्याचा असा सपकारा सुटला, की समोरच्या कुडाचं शेण निघालं. बंब धोंड्यावरून घरंगळला, गरगर फिरला आणि आम्हां दोघींना फेसानं न्हाऊ घालून गप्प झाला. नणंदेच्या मनगटावर लाल चट्टा उठला. माझ्या लुगड्याला दुसऱ्या दिवशी भोकं पडली. सासूबाई म्हणाल्या, भुताटकी आहे. मामंजी म्हणाले, बोभाटा करू नका.

आमचे हे पूर्वी त्याच गिरणीत कारकून होते, नंतर मुंबईच्या एका पेढीत लागले. संध्याकाळी घरी आले तेव्हा पान वाढता वाढता मी विचारलं. ह्यांनी सगळं सांगितलं. बंबात सोड्याचं पाणी भरलेलं असतं. झाकणाखाली काचेची बाटली अडकवलेली असते, तिच्यात गंधकाचा तेजाब. बंब पालथा केला की तेजाब सोड्यात पडतो, फसफसतो, आणि त्या जोरानं पाणी उडतं. आग लागली तरच पालथा करायचा, एरवी कधीही नाही.

"आणि तोंड बुजलेलं असलं तर?" मी विचारलं.

"तर जोराला वाट नाही. बंबच फुटेल."

"मग उद्या सकाळी हे मामंजींना सांगा."

ह्यांनी भाताकडे बघितलं. बाहेर चार माणसांत बोलणारा हा माणूस, पण वडिलांपुढे ह्यांची जीभ टाळ्याला चिकटायची. मला असा संताप आला म्हणता! पण वाढपाची पळी हातात होती आणि समोर नवरा जेवत होता. मी एवढंच म्हटलं, "बरं. तुम्ही नका सांगू. रिकामे कसे करायचे तेवढं मला सांगा."

दुसऱ्या दिवशी ते काम मी केलं. परसात, विहिरीपासून लांब, खड्डा खणून घेतला. त्यात पाणी ओतलं आणि भिंतींना द्यायचा चुना कालवला. बंब उभाच ठेवायचा, कलू द्यायचा नाही. आपलं तोंड बाजूला वळवून, ओल्या फडक्यानं झाकण हळूहळू फिरवायचं. बाटली सरळ वर उचलायची. तेजाब चुन्याच्या पाण्यात थोडा थोडा सोडायचा. तेजाबात पाणी कधी ओतायचं नाही, तो अंगावर उडतो, हे ह्यांनी दोनदा बजावलं होतं. नणंद मदतीला यायला बघत होती, तिला मी दाराशीच बसवून ठेवलं. हळद लागायची होती पोरीला. दोन बंब असे रिकामे झाले. पाण्यानं खळखळून धुतले आणि मग खुशाल पालथे घातले.

चौथा मात्र हट्टी निघाला. झाकण हिरव्या गंजानं असं धरलेलं, की फडकं फाटलं पण ते हललं नाही. आणि तोंडात कुंभारीण माशीनं घर केलेलं. माती वाळून दगड झाली होती. दाभणानं टोकरून बघितलं, दाभण वाकलं. मग मी हात आवरला. बंब कोपऱ्यात भिंतीला टेकवून उभा केला, पुढे पाट आडवा लावला आणि दाराआडून मामंजींशी बोलले. सुनेनं सासऱ्याशी असं बोलायची रीत नव्हती. पण रीत सांभाळत बसायची ती वेळ नव्हती.

"चौथा द्यायचा नाही," मी म्हटलं. "तो उघडत नाही आणि त्याचं तोंड बुजलंय. तांबट कुठलंही भांडं आलं की आधी पालथं करून बूड ठोकून बघतो. त्याच्या तोंडावर फुटेल."

मामंजींनी माझ्याकडे न बघता सासूबाईंना सांगितलं, "हिला म्हणावं, तांबं ते तांबं. तांबटाचा धंदा तांबटाला कळतो."

"मग निदान त्याला सांगून तरी द्या."

"सांगितलं तर तो घेईल का? आणि गावभर होईल, की मुलीच्या भांड्यांना विषारी तांबं काढलं. व्याह्यांच्या कानावर गेलं म्हणजे?"

तर असं होतं. एका बाजूला माणसाचे डोळे आणि दुसऱ्या बाजूला लोक काय म्हणतील. त्या तांबटाला मी चांगली ओळखत होते. आमच्या घरातलं निम्मं तांबं त्याच्या हातचं. दुकानाच्या पायरीवर बसून ठोकायचा आणि त्याची म्हातारी आई शेजारी सुपारी कातरत बसायची. भांडं घ्यायला गेलं की ती पहिल्यांदा पाणी विचारायची.

चैत्र होता. दुसऱ्या दिवशी दुपारी मी शेजारी हळदीकुंकवाला गेले. परत येऊन बघते तर कोपरा रिकामा. पाट नीट भिंतीला लावून ठेवलेला. नणंद रडकुंडीला आली होती. "बाबांनी हमाल बोलावला," ती म्हणाली. "तीनही आधी गेले आणि आत्ता तो घेऊन गेला."

मग मी धावले. ओटीवर मामंजी होते, त्यांच्यासमोरून धावले. तळ्याच्या कडेनं, वाण्यांच्या दुकानांपुढून, रस्ता तव्यासारखा तापलेला. कोणी हाक मारली, कोणी हसलं. माझ्या डोक्यात एकच, की तो बंब पालथा होता कामा नये.

हमालानं तो चुंबळीवर उभा ठेवून नेला होता, म्हणून वाटेत काही झालं नव्हतं. मी पोचले तेव्हा तांबट हातातली कळशी बाजूला ठेवत होता. एक हात बंबाच्या गळ्याशी होता आणि दुसरा बुडाखाली जात होता. मी ओरडले नाही, दम कुठे होता? सरळ जाऊन बंबाला मिठी मारली आणि पायरीवर बसले.

"वहिनी, काय झालं?" तो म्हणाला. म्हातारीनं अडकित्ता खाली ठेवला.

श्वास घेत घेत मी सांगितलं. त्याला आधी वाटलं, उन्हानं माझं डोकं फिरलं. मग मी त्याला ते मातीचं तोंड दाखवलं आणि न हललेल्या झाकणाची आणि फाटलेल्या फडक्याची गोष्ट सांगितली. त्यानं हात मागे घेतला.

आळीतल्या चौघांनी तो बंब देवाच्या मूर्तीसारखा सांभाळून, उभाच्या उभा, खाडीकडच्या ओसाड खाजणात नेला. मीही गेले. जाणारच होते. बांधापलीकडे बंब ठेवला, त्याच्या गळ्याला लांब दोरी बांधली, आणि सगळे बांधाआड बसल्यावर तांबटानं दोरी ओढली. बंब आडवा होऊन उताराला उलटा पडला. थोडा वेळ काहीच नाही. एकजण म्हणाला, काही होत नाही हो, उगाच... तेवढ्यात तोफ डागल्यासारखा आवाज झाला. झाकण आमच्या डोक्यांवरून जाऊन चिखलात रुतलं. जाऊन बघितलं तर सांध्यापासून तांबं उभं फाटलेलं, कडा सुरीच्या पात्यासारख्या, आणि भोवतालचं गवत फेसाळत होतं.

तांबट त्या पत्र्यापाशी उकिडवा बसला. "आई शेजारीच बसली होती माझी," एवढंच म्हणाला.

मग त्यानं पत्रा धुऊन फडक्यात गुंडाळला आणि आमच्या घराकडे निघाला. मी मागोमाग. ओटीवर मामंजी होते, त्यांच्याशी गप्पा मारायला आलेले दोन वकील होते, आणि माझी गंमत बघायला जमलेले शेजारी अंगणात होते. तांबटानं पत्रा मामंजींच्या पुढ्यात ठेवला. आवाज चढवला नाही. विचारलं, "शिरस्तेदारसाहेब, हा असा फुटेल हे तुम्हांला ठाऊक होतं?"

"मला कसं ठाऊक असणार?" मामंजी म्हणाले. "तांबं म्हणून पाठवलं."

तांबटानं मान हलवली. जन्मभर कोर्टात बसलेल्या माणसाचा शब्द तो, त्याला खरा वाटला. वकिलांनाही वाटला. माझे पाय भाजले होते आणि इतक्या पुरुषांत मी आयुष्यात कधी तोंड उघडलं नव्हतं.

"ठाऊक होतं," मी म्हटलं. "काल मीच सांगितलं त्यांना. दाराआडून."

मामंजी उठून उभे राहिले. "खोटं बोलते ही."

तेव्हा सासूबाई उंबरा ओलांडून बाहेर आल्या. परपुरुष ओटीवर असताना त्या कधी बाहेर आलेल्या मी पाहिल्या नव्हत्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, मामंजींकडेही नाही. तांबटाला म्हणाल्या, "सांगितलं होतं हिनं. मी तिथेच होते."

मामंजींनी दाराकडे बोट केलं आणि म्हणाले, "दोघीही आत जा."

आम्ही गेलो नाही.