वर्गणी मोबाईलची, नंबर स्टँडचा

रिक्षाच्या मागच्या सीटखाली काय काय सापडतं, ते रिक्षावाल्यालाच विचारा. छत्री, जेवणाचा डबा, लग्नाच्या पत्रिका. मला एकदा एकच चप्पल सापडली. माणूस दुसऱ्या पायानं घरी कसा गेला, देव जाणे! किस्से पण असेच साठतात. मुद्दाम कोणी ठेवत नाही. सवारी उतरून जाते, किस्सा मागं राहतो.

जळगावच्या बसस्टँडबाहेर निंबाखाली आमचा रिक्षा स्टँड. तिथं मी इतकी वर्षं काढली की नवीन पोरं मला आबा म्हणतात. जुनी जे म्हणतात ते छापता येत नाही. पण ते मोबाईलवालं प्रकरण आलं आणि माझी सीट अशी भरली की आता थोडं खाली केल्याशिवाय इलाज नाही.

*

एक दिवस सकाळी पुण्याचा एक साहेब आला. पाठीवर बॅग, गळ्यात पट्टा, तोंडावर घाम.

"आमचं नवीन अ‍ॅप आहे. नाव 'निघालोच'!"

नाव ऐकूनच लोटन खुश झाला. लोटन म्हणजे आमच्यातला शोकीन, दिवसातून तीनदा भांग पाडणारा. घरून बायकोचा फोन आला की टपरीवर पाय पसरून तो हाच शब्द बोलतो.

साहेब म्हणाला, "बाकीच्या कंपन्या प्रत्येक भाड्यातून कमिशन कापतात. आम्ही एक रुपया कापणार नाही. तुम्ही फक्त महिन्याचं सबस्क्रिप्शन भरायचं. सवारी एक मिळो का शंभर, भाडं सगळं तुमचं!"

"सबस्क्रिप्शन म्हणजे?" लोटननं विचारलं.

"वर्गणी रे," धुडकूनाना म्हणाले. नाना आमच्या स्टँडवरचे सगळ्यात जुने. मी दोन नंबरला.

"वर्गणी शे तर मंग भंडारा कधी?" नानांनी विचारलं.

साहेबानं ते वहीत लिहून घेतलं! म्हणाला, "भंडाऱ्याचं वरती विचारून सांगतो."

असा माणूस समोर आला तर मी गप्प बसू? त्यानं विचारलं, "तुमचे अध्यक्ष कोण?" मी बोट दाखवलं पलीकडच्या केळीच्या हातगाडीवाल्याकडे. यावलचा रशीदभाई. कमी बोलणारा, सगळ्याला मान हलवणारा. "ते बसलेत ना गंभीर, तेच. त्यांनी हो म्हटलं की बठ्ठे हो म्हणतील."

साहेब गेला. चांगला अर्धा तास रशीदभाईंना समजावत होता. आम्ही इकडं पोट धरून. मग तो हसत परत आला.

"अध्यक्ष तयार झाले! पहिलं रजिस्ट्रेशन त्यांचंच केलं!"

मी म्हटलं, "गाडी कोणती लिहिली?"

"ते म्हणाले, चारचाकी."

*

आता आमच्या नंबरचं सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही.

निंबापासून रिक्षांची लाईन लागते. पहिल्या रिक्षानं पहिली सवारी घ्यायची, मागचे पुढं सरकणार. सवारी सोडून आलात की शेपटाला. मध्ये घुसायचं नाही. आणि या लाईनीत नवीन माणूस घ्यायचा नाही. जुना कोणी रिक्षा सोडेल किंवा वर जाईल, तेव्हाच जागा. आणि आमच्या स्टँडवर वर जायची कोणालाच घाई नाही.

अशात धुळ्याहून गोकुळ आला. जळगावचा जावई. सासू अंथरुणाला खिळलेली, बायको एकुलती एक, म्हणून आपली रिक्षा घेऊन इकडं राहायला आला. लाईनीत घ्या म्हणून सगळ्यांच्या हातापाया पडला. सगळे म्हणाले, "बघू." बघू म्हणजे नाही, हे धुळ्यातपण कळतं. तो बिचारा रस्त्यापलीकडे चहाच्या टपरीजवळ रिक्षा लावायला लागला. तिथं सवारी येते ती फक्त सुट्टे मागायला.

मी त्याला छेडायचो. "जावईबापू, तुमच्या धुळ्यात तर गल्ल्यांनापण नंबर आहेत. तुम्हाला इथं एक मिळेना?"

तो हसायचा. पोरगा गरीब स्वभावाचा. रोज सकाळी रस्ता ओलांडून यायचा आणि विचारायचा, "नाना, तब्येत बरी आहे ना?"

मी नानांच्या कानाला लागलो. "नाना, कोणी वर गेल्याशिवाय याला नंबर नाही. आणि हा रोज तब्येत तुमचीच विचारतो. माझी नाही विचारत."

दुसऱ्या दिवशी गोकुळ आला. "नाना, तब्येत बरी..."

नाना रिक्षातून खाली उडी मारून उतरले. "मना मरानी वाट देखी ऱ्हायना का रे तू? हाई देख!" आणि भर रस्त्यात उठाबशा काढायला लागले! एक, दोन, तीन... पुढच्या उठाबशीला नाना खाली गेले ते खालीच राहिले. गुडघा अडकला.

काखेत हात घालून त्यांना वर कोणी काढलं? गोकुळनंच. आणि उभं करून पुन्हा म्हणतो, "बरी आहे ना?"

*

तर गोकुळनं 'निघालोच' घेतलं. त्याला नंबर लागत नाही ना! लोटननं घेतलं, कारण त्यात आपला फोटो दिसतो. आणि आमच्या लाईनीतल्या सुपडूनं घेतलं, कारण पहिला महिना त्याला अर्ध्यात मिळाला. फुकट मिळालं तर सुपडू विषाचीपण दोन पाकिटं मागेल.

पहिल्याच दिवशी भानगड झाली. लोटन लाईनीत सगळ्यात मागं, आणि मोबाईल वाजला त्याचा. तो रिक्षा काढायला लागला तर नाना पुढून आडवे आले.

"नंबर मना शे!"

"नाना, पण मोबाईल माझा वाजला."

"मोबाईल तुना, नंबर मना."

दोघांचंही खरं होतं. शेवटी मी न्याय केला. सवारी नंबरवाल्याची, आणि सवारीबरोबर मोबाईलपण त्याच्याकडे. लोटनचा मोबाईल गळ्यात अडकवून नाना निघाले.

सवारी म्हणजे शाळेतल्या एक मॅडम, जायचं मेहरुणला. मॅडमनी मोबाईलमध्ये पाहिलं, नानांकडे पाहिलं. "फोटोत तर तरुण मुलगा आहे."

नाना म्हणाले, "फोटो जुना शे."

अर्ध्या रस्त्यात लोटनच्या बायकोचा फोन आला. नानांना फोन उचलायचा एवढंच कळतं, कोणाचा आहे ते कळत नाही.

"हॅलो, लोटन कुठे आहेत?"

नाना ओरडले, "या रिक्षात लोटन मीच शे! मॅडमला घेऊन मेहरुणला चाललो!" त्यांना वाटलं, कंपनीचा माणूस तपासणी करतोय.

मागून मॅडम म्हणाल्या, "अहो, तळ्याच्या बाजूनं घ्या ना, छान वारा येतो."

लोटन पुढचा आठवडाभर हॉटेलात जेवला.

*

सुपडूचं वेगळंच. तो वर्गणीकडे खानावळीच्या पाससारखा बघायचा. पैसे भरलेत ना, मग एक ताट सोडायचं नाही! मोबाईल वाजला की सुपडू निघालाच. अंघोळीतून निघाला, न्हाव्याच्या खुर्चीवरून अर्ध्या दाढीनं निघाला.

त्याच्या मेव्हण्याच्या मुलीचा साखरपुडा होता. नवऱ्याकडची माणसं सावद्याची. सुपडू पंगतीत वाढत होता, हातात वरणाची बादली. मोबाईल वाजला. सवारी अगदी जवळ, गेटवरच. बादली खाली ठेवली, रिक्षा काढली.

गेटवर कोण उभं? नवऱ्याचा मामा! टोपी कोणाला द्यायची यावरून रुसला होता. "बसस्टँड," म्हणाला. "या लग्नाशी माझा संबंध संपला!"

आता आली का पंचाईत? मुलीकडचा माणूस म्हणून रुसलेल्या मामाला अडवायचं, आणि वर्गणी भरली म्हणून बसस्टँडला सोडायचं! सुपडूनं डोकं चालवलं. मामाला बसवलं आणि गावभर फिरवलं. रस्त्यात उसाचा रस पाजला, मामाच्या भावकीच्या नावानं दोन शिव्या मामाच्या बाजूनं घातल्या. मामाचा राग रसाबरोबर उतरला. मग सुपडूनं रिक्षा गुपचूप परत मांडवातच आणली. मामानं टोपी घेतली, जेवला, मुलीला आशीर्वाद दिला. मेव्हण्यानं सुपडूला मिठी मारली.

संध्याकाळी मोबाईलवर मामाचा शेरा आला. पाचपैकी एक तारा. खाली लिहिलं होतं, "ड्रायव्हर स्वभावानं चांगला, पण रस्ता माहीत नाही. जिथून निघालो तिथंच आणून सोडलं."

*

कापड मार्केटचे एक शेठजी आमचे जुने गिऱ्हाईक. खानदान मूळ मारवाडचं, पण भांडतात जळगावच्या मराठीत. रिक्षाचा भाव केल्याशिवाय त्यांचं जेवण पचत नाही.

त्यांच्या सुनेनं त्यांना 'निघालोच' घेऊन दिलं. दोन दिवसांनी शेठजी माझ्यापुढं येऊन उभे राहिले, चेहरा उतरलेला.

"काय झालं शेठजी?"

"अरे आबा, हा मोबाईल साठ रुपये म्हणतो. मी त्याला पन्नास म्हणतो, तो काही बोलतच नाही!"

"मग?"

"मग काय, तू बोल!"

मी मुद्दाम ऐंशी सांगितले. शेठजींच्या तोंडावर तेज आलं! चांगली दहा मिनिटं भांडलो आम्ही. माझं वय काढून झालं, त्यांचं पोट काढून झालं. शेवटी पन्नासला तुटलं. घरी उतरल्यावर पन्नास दिले आणि वर वीस चहाला. जाताना म्हणाले, "मोबाईलला कुठं एवढी अक्कल!"

*

आता शेवटचा सांगतो.

गोकुळच्या मोबाईलचा महिना संपत आला. जळगावात 'निघालोच' घेणारी गिऱ्हाइकं मोजकी. दिवसातून दोनदा वाजायचा, त्यात एक फोन कंपनीचाच, वर्गणी भरा म्हणून. बायको रोज विचारायची, इथं राहायचं का परत धुळ्याला जायचं? तो सासूच्या खाटेकडे बघायचा. हे मला लोटननं सांगितलं. त्या मेहरुणच्या फोनपासून लोटन घरी कमी आणि गोकुळकडेच जास्त असायचा.

इकडं साहेब पुन्हा आला. "सगळा स्टँड एकदम घेणार असेल तर वर्गणीत सूट!" म्हणून आम्ही मीटिंग घेतली. गोष्ट सरळ होती. सगळ्यांनी अ‍ॅप घेतलं तर लाईन संपली, मग गोकुळही आमच्यातलाच. नाही घेतलं तर लाईन राहिली आणि गोकुळ बाहेर.

मत कसं घ्यायचं? हात वर करा म्हटलं तर सुपडू दोन्ही करतो. म्हणून मीच युक्ती काढली. "ज्याला अ‍ॅप पाहिजे त्यानं आपली रिक्षा लाईनीतून काढून पलीकडं टपरीजवळ लावायची. ज्याला नको त्यानं आहे तिथंच राहायचं."

सगळे म्हणाले, बरोबर! सगळे आपापल्या रिक्षात बसले.

आणि एकही रिक्षा हलली नाही.

लोटन हलला नाही. सुपडू हलला नाही. दोघांनी वर्गणी भरलेली, तरी नाही! कारण काय, तर लाईन सोडली की नंबर जातो. लोटन मान बाहेर काढून मला ओरडला, "आबा, माझं मत पलीकडं धरा, पण रिक्षा इथंच धरा!"

पलीकडून गोकुळ हे सगळं बघत होता. तो रस्ता ओलांडून आला. म्हणाला, "राहू द्या आबा. माझ्यावरून भांडू नका. मी रविवारी चाललो धुळ्याला."

"आणि सासूबाई?" मी विचारलं.

"बघू," तो म्हणाला.

 

तेवढ्यात रावेरची बस लागली. एक बाई उतरल्या, दोन पिशव्या, काखेत लेकरू. सरळ लाईनीच्या तोंडाशी आल्या. पहिला नंबर धुडकूनानांचा. नानांनी रिक्षा चालू केली. बाईंनी पिशवी उचलली. आणि नानांनी बाईंना तिथंच सोडून रिक्षा काढली, वळवली, रस्ता ओलांडला आणि टपरीजवळ गोकुळच्या रिक्षाला चिकटून उभी केली!

आम्ही बघतच राहिलो. मागचा नंबर माझा, मी हँडलला हात घातला.

नाना तिकडून ओरडले, "आबा, सरकू नको! मना नंबर मोडेल नही!" मग गोकुळला म्हणाले, "तू काय देखी ऱ्हायना? बाई उन्हात उभी शे. जा, तुनी रिक्षा मना जागावर लाव. माले चहा पेवाना शे."

"नाना, तुम्ही चहा कुठं पिता? तुम्हाला पित्त..."

"तू डॉक्टर शे का? चहा होईस्तोवर जागा संभाळ!"

गोकुळनं रिक्षा आणली, नानांच्या जागेवर लावली, बाईंना बसवलं आणि गेला. सोडून आल्यावर नेमानं शेपटाला लागला. त्याला अडवणार कोण? नंबर नानांचा होता.

याला आता पावसाळा उलटून गेला. गोकुळ आज पण लाईनीत आहे. नाना टपरीजवळ रिक्षा लावतात, गळ्यात नवा मोबाईल, त्यात 'निघालोच', तो वाजला की टपरीवाला त्यांना वाचून सांगतो.

परवा मी मुद्दाम पलीकडं गेलो. म्हटलं, "नाना, लाईनीत कधी येताय?"

नानांनी बशीत फुंकर मारली.

"थांब ना भो," म्हणाले, "चहा आजून गरम शे."